‘अधिपतींवर भिस्त ठेवू नका’ : त्या ओळीला बाबा टेबलावर बोट का आपटायचे?

तेलघाणी (मंगळवार, रात्री १०.५०)

मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिलाच धागा काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवायचा म्हणून जुने लोक ‘शनवार तेली’ म्हणायचे ते आम्हीच. मी ठाण्यात वाढले. बाबा सरकारी कारकून. कामावर जायच्या आधी उभ्यानं सकाळची प्रार्थना म्हणायचे. हिब्रू त्यांना अर्थासकट किती कळायची कोण जाणे, पण एका ओळीला ते न चुकता उजव्या हाताचं बोट टेबलावर दोनदा आपटायचे. झाकून ठेवलेल्या चहाची बशी वाजायची आणि आई आतून विचारायची, “झालं का तुमच्या राजेलोकांचं?”

ती ओळ १४६ व्या स्तोत्रातली. “अल तिव्तेखू विन्दिवीम.” माझ्या मराठीत सांगते: अधिपतींवर भिस्त ठेवू नका, माणसाच्या पोरावर ठेवू नका, त्याच्या हातात सुटका नाही. त्याचा श्वास निघून जातो, तो आपल्या मातीत परत जातो, आणि त्याच दिवशी त्याचे सगळे बेत बुडतात.

बोट आपटून झालं की हेच बाबा लोकल पकडून ऑफिसात जायचे आणि साहेबांना वाकून नमस्कार करायचे. बढतीचा अर्ज त्यांनी तीन प्रतींत लिहिलेला मला आठवतो, मधे कार्बन घालून. बढती मिळाली नाही. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी साहेबाला एक शब्द वाईट बोलला नाही. मला तेव्हा तो बुळेपणा वाटला होता.

हे आत्ता आठवायचं कारण म्हणजे आमची इमारत पुनर्विकासाला गेलीय. पहिल्या सभेत बिल्डरनं छातीवर हात ठेवून सांगितलं, “काकू, माझ्यावर भरवसा ठेवा.” चौदा महिने भाडं आलं. गेले पाच महिने बंद आहे. काल रात्री बाबांचं प्रार्थनेचं पुस्तक काढलं आणि त्या ओळीशी अडले. रोज सकाळी ‘माणसावर भरवसा ठेवू नका’ म्हणायचं आणि दिवसभर माणसांतच वावरायचं, हे बाबांना कसं जमत होतं? जाणकारांनी लिहावं.

कट्ट्यावरचा_नाना (मंगळवार, रात्री ११.१५)

स्वागत आहे ताई, छान लिहिलंय. पण खरं सांगू? ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’चीच ही हिब्रू आवृत्ती वाटते. माणसानं माणसावर भरवसा ठेवायचा नाही तर समाज चालायचा कसा? बँक, रेल्वे, डॉक्टर, सगळं भरवशावरच चालतं. (हलकं घ्या.)

इब्री_शिकतोय (बुधवार, सकाळी ७.०५)

मी शिक्षणासाठी इस्राएलमध्ये हैफात तीन वर्षं होतो, तेव्हा थोडी भाषेची भर घालतो.

देवावरच्या या भरवशाला हिब्रूत ‘बिताखोन’ म्हणतात. ‘एमुना’ म्हणजे श्रद्धा, देव आहे हे मानणं. ती डोक्यात असली तरी चालतं. बिताखोन म्हणजे त्या श्रद्धेवर अंग टाकणं. पोहायला शिकताना पाणी माणसाला तरंगवतं हे आपण मानतो ती एमुना, आणि पाय तळापासून सोडतो ते बिताखोन. उपमा माझी आहे, कुठल्या रब्बीच्या (ज्यू धर्मगुरूच्या) नावावर खपवू नका.

गंमत पुढे आहे. आजच्या हिब्रूत बिताखोन म्हणजे ‘सुरक्षा’. संरक्षण मंत्रालय म्हणजे ‘मिस्राद हबिताखोन’. मॉलच्या दारात पिशवी उघडायला लावणारा पोरगाही बिताखोनचाच. म्हणजे जो शब्द देवावर भार टाकण्याचा, तोच कमरेला पिस्तूल लावलेल्या माणसाचा. त्याच धातूपासून ‘बेताख’ म्हणजे ‘अलबत!’, आणि त्याच धातूपासून ‘बितुआख’ म्हणजे विमा.

विमावाला (बुधवार, सकाळी ७.४०)

क्काय सांगता! बत्तीस वर्षं एजंट आहे, आमचा धंदा एवढा पवित्र असल्याचं आज कळलं. व्हिजिटिंग कार्डावर छापून घेतो.

पण शंका खरी आहे. देवावर भरवसा असलेल्यानं विमा काढला तर तो भरवसा कच्चा धरतात का? आमच्याकडे असे गिऱ्हाईक भेटतात. “स्वामी बसलेत ना” म्हणतात आणि हप्ता चुकवतात.

जुनापुराणा (बुधवार, दुपारी १.२०)

विमावाले, तुमचा प्रश्न अमेरिकेतल्या रब्बी मोशे फाइनश्टाइन यांच्यापुढे अगदी असाच आला होता. विसाव्या शतकात धर्मशास्त्राच्या बाबतीत ज्यांचा शब्द सर्वदूर मानला जाई अशांपैकी ते एक. त्यांनी आयुर्विमा काढायला हरकत नाही म्हणून सांगितलं. पोट भरायला माणूस नोकरीधंदा करतो, तसाच हाही एक रीतसर उपाय, त्यानं बिताखोनला बाध येत नाही.

या रीतसर प्रयत्नाला ‘हिश्तादलुत’ म्हणतात. या धाग्यातला दुसरा महत्त्वाचा शब्द तो. नाना, तुमच्या खाटल्याचं उत्तर त्यात आहे. चमत्काराच्या आशेवर बसू नये असं तालमूद, म्हणजे ज्यूंचा जुना कायदेग्रंथच, सांगतो. बापानं मुलाला एखादं कसब शिकवलंच पाहिजे असा तिथं दंडक आहे, आणि काहींच्या मते पोहायलाही शिकवलं पाहिजे. (इब्रीराव, तुमची उपमा बसली बघा.) शिमोन बार योखाई या ऋषितुल्य रब्बींचं म्हणणं असं की नांगरणीच्या वेळी नांगरायचं, पेरणीच्या वेळी पेरायचं, तर मग तोराहचा (धर्मग्रंथाचा) अभ्यास करायचा कधी? दुसरे रब्बी इश्माएल, ते म्हणत की शेतीही करा आणि अभ्यासही करा. तालमूद यावर कोरडेपणानं नोंदवतो: पुष्कळांनी इश्माएलसारखं केलं, त्यांचं जमलं. पुष्कळांनी शिमोनसारखं केलं, त्यांचं जमलं नाही. खाटल्यावरचा हरी तिथंच निकालात निघाला.

आता ताईंच्या ओळीकडे. या विषयावरचं सर्वांत गाजलेलं लेखन अकराव्या शतकातलं आहे. स्पेनमधल्या सारागोसाचे बाख्या इब्न पाकुदा यांनी अरबीत ग्रंथ लिहिला, पुढच्या शतकात तो हिब्रूत आला आणि ‘खोवोत हलेवावोत’, म्हणजे ‘अंतःकरणाची कर्तव्यं’, या नावानं घराघरांत गेला. त्यातला चौथा दरवाजा बिताखोनचा (प्रकरणांना तिथं दरवाजे म्हणतात). बाख्या स्वच्छ बजावतात की देव राखील म्हणून विष प्यायचं नाही, धोक्यात उडी घ्यायची नाही. आणि त्यातली एक गोष्ट ताईंच्या वडिलांवर तंतोतंत बसते. तुम्ही कुणाकडे काम घेऊन गेलात, तर त्या माणसाकडे देवाच्या हातातलं साधन म्हणून बघा. काम झालं तर देवाचे आभार माना, आणि त्या माणसाचेही माना, कारण चांगलं काम त्याच्या हातून घडलं. नाही झालं तर त्याच्यावर राग धरू नका, कारण ते त्याच्या हातात नव्हतंच.

कार्बन घालून तीन प्रती हे हिश्तादलुत, आणि घरी येऊन साहेबाला शिवी न देणं हे बिताखोन. बुळेपणा नव्हे तो.

तेलघाणी (बुधवार, दुपारी ३.१०)

जुनापुराणा, ऑफिसच्या डब्याच्या वेळी वाचलं. नंतर थोडा वेळ काही सुचलं नाही. धन्यवाद.

काळा_कोट (बुधवार, संध्याकाळी ६.३०)

ताई, थांबा. राग न धरणं ठीक आहे, पण पाच महिन्यांचं भाडं सोडू नका! करारनामा नोंदवलाय का? बँक गॅरंटी घेतलीय का? भाडं थकलं तर काय, याचं कलम आहे का?

जुनापुराणा, तुमच्या बाख्यांच्या हिशेबानं बिल्डर तर सहीसलामत सुटला. ‘त्याच्या हातात नव्हतंच’ हे वाक्य मी रोज कोर्टात ऐकते, आणि ते नेहमी समोरच्या पक्षाकडून येतं.

जुनापुराणा (बुधवार, रात्री ९.४५)

वकीलबाई, एकदम रास्त. पण ज्यू कायदा तुमच्याच बाजूचा आहे. तालमूदात असं आहे की जो साक्षीदारांशिवाय कर्ज देतो तो ‘आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका’ ही तोराहची आज्ञा मोडतो. कारण घेणाऱ्याला नाकबूल जायचा मोह होतो, आणि तो मोह तुम्ही त्याच्या वाटेत ठेवलात. देणाराच गुन्हेगार! लग्नातसुद्धा दोन साक्षीदारांच्या सहीचा कागद असतो, कतुब्बा. नवऱ्यावर काय देणं लागतं ते त्यात लिहिलेलं. सकाळी ‘माणसावर भिस्त नको’ म्हणणाऱ्या लोकांनी माणसामाणसांतल्या व्यवहाराचं एवढं जाडजूड कायदेशास्त्र केलं, कारण माणूस कसा आहे ते त्यांना ठाऊक होतं.

विमावाला (बुधवार, रात्री ९.५२)

म्हणजे भरवसा देवावर आणि सही माणसाची. हे कळलं.

मांडवीकर (गुरुवार, सकाळी ८.१५)

वाचतोय. एक शंका. या लोकांना राजेलोकांचा एवढा वीट का? आपल्याकडे संतांनी राजाचं बोलावणं नाकारल्याच्या गोष्टी आहेत, पण रोजच्या प्रार्थनेत राजावर भिस्त नको असं कुणी घातलेलं ऐकलं नाही.

जुनापुराणा (गुरुवार, दुपारी १.४०)

इतिहास पाहा. हजारो वर्षं राज्य दुसऱ्याचं, आणि जीव राजाच्या मर्जीवर. डॉन इसाक अब्राव्हानेलचं उदाहरण सांगतो. मोठा पंडित, बायबलचा भाष्यकार, आणि पोर्तुगालच्या पाचव्या अफोन्सोचा खजिना सांभाळणारा. राजा मेला, नवा आला, त्यानं कटाचा आळ घेतला. १४८३ मध्ये अब्राव्हानेल जीव घेऊन स्पेनला पळाला. तिथं काय केलं? फर्डिनंड आणि इसाबेला यांच्या पदरी राहिला, त्यांच्या लढायांना पैसा उभा करून दिला. १४९२ मध्ये त्याच दोघांनी सगळ्या ज्यूंना देशाबाहेर काढायचा हुकूम काढला. यानं रदबदली केली, उपयोग झाला नाही. आपल्या लोकांबरोबर तोही बाहेर पडला आणि नेपल्सला गेला. आणि तिथंही राजदरबारीच चाकरी धरली!

मला यात विसंगती दिसत नाही. दुसरा उपाय नव्हता. ‘पूर्वजांची वचनं’ म्हणून एक जुना संग्रह आहे, त्यात रब्बान गमलिएल सांगतात: सत्तेशी जपून राहा. गरज असते तेव्हा सत्ताधारी माणसाला जवळ करतात आणि मित्र भासतात, पण त्याच्या अडचणीच्या वेळी उभे राहत नाहीत. आणि त्याच संग्रहात पुढे दुसरे रब्बी म्हणतात, राज्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, कारण राज्याचा धाक नसेल तर माणसं एकमेकांना जिवंत गिळतील. आजही सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात) सरकारसाठी प्रार्थना असते. राज्य टिकावं म्हणून प्रार्थना करायची, पण राज्यावर विसंबायचं नाही.

कट्ट्यावरचा_नाना (गुरुवार, दुपारी २.०५)

हे मात्र आवडलं. माझं मतदानाचं धोरणही साधारण हेच आहे.

तेलघाणी (गुरुवार, रात्री १०.२०)

मांडवीकर, तुमच्या नावावरून आठवलं. तुमच्या मांडवीतच सॅम्युएल स्ट्रीटला आमची सगळ्यांत जुनी मशीद आहे. आमचे जुने लोक सिनेगॉगला मशीदच म्हणतात, आणि ‘मशीद बंदर’ स्टेशनाचं नावही तिच्यावरूनच आलं असं सांगतात. नाव शआर हराहामीम, म्हणजे दयेचं द्वार. बांधली १७९६ मध्ये, सॅम्युएल एझेकिएल दिवेकर यांनी. लोक त्यांना सामाजी हसाजी म्हणायचे.

दिवेकर कंपनी सरकारच्या फौजेत अधिकारी होते. म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या हाती सापडले. पुढची गोष्ट आमच्या प्रत्येक घरात सांगतात. कैद्यांना जात विचारली. हे म्हणाले, बेने इस्राएल. टिपूची आई पडद्याआडून ऐकत होती. हे नाव तिनं कुराणात वाचलेलं, पण या लोकांना डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. तिनं मुलाला सांगितलं, यांना मारू नकोस. दिवेकर सुटले, मुंबईला आले आणि कैदेत बोलल्याप्रमाणे मशीद बांधली.

लहानपणी मी बाबांना विचारलं होतं, मग वाचवलं कुणी, देवानं की टिपूच्या आईनं? बाबा म्हणाले, “देवळाला नाव दयेचं दिलंय. कुणाच्या दयेचं ते लिहिलंय का?” आणि पेपर उघडला.

मांडवीकर (गुरुवार, रात्री १०.३१)

रोज त्या स्टेशनावर उतरतो. चाळीस वर्षं. आज पहिल्यांदा कळलं. __/\__

अश्दोदची_मावशी (शुक्रवार, पहाटे ४.५०)

तेलघाणीबाय, मी इस्राएलमधल्या अश्दोदवरून लिहिते. लहान असताना आईबापाबरोबर बोटीनं आले, मराठी घरात बोलतो म्हणून टिकली. टंकायला वेळ लागतो.

तुम्ही राजांचं सांगता. पण माणूस म्हणजे फक्त परका राजा नव्हे, आपलेही त्यात येतात. आम्ही इथं आलो ते ‘आपल्या लोकांत जातो’ म्हणून. १९६२ मध्ये मुख्य रब्बींकडून नियम निघाला की बेने इस्राएलपैकी कुणी दुसऱ्या ज्यूशी लग्न करणार असेल तर त्याच्या आईकडच्या पिढ्या जमेल तितक्या मागे तपासाव्या. दोन हजार वर्षं कोकणात शेमाची प्रार्थना म्हटली, शनिवार पाळला, सुंता केली, आणि इथं विचारतात तुम्ही कोण. लोक चिडले. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेमला धरणं धरून बसले. माझे वडीलही गेले होते. ते सांगायचे, सकाळी सगळे मिळून तिथंच प्रार्थना म्हणायचे, आणि अधिपतींची ओळ आली की एकमेकांकडे बघून हसायचे. शेवटी क्नेसेतनं (इथल्या संसदेनं) ठराव केला, नियमातून आमचं नाव निघालं.

हे लक्षात घ्या, ते बसून होते. देव बघून घेईल म्हणून घरी राहिले नाहीत.

दुपारी शब्बाथच्या (शनिवारच्या विसाव्याच्या) मेणबत्त्यांची तयारी आहे, बाकी नंतर.

इब्री_शिकतोय (शुक्रवार, सकाळी ९.००)

मावशी, दंडवत. अजून लिहा.

शब्बाथचा विषय निघालाच आहे तर मान्ना आठवला. इस्राएल लोक रानात भटकत होते तेव्हा चाळीस वर्षं आकाशातून अन्न पडायचं, रोजचं रोज. उद्यासाठी राखून ठेवलं तर किडे पडायचे. फक्त शुक्रवारी दुप्पट, कारण शनिवारी पडणार नाही. शब्बाथच्या पानावर दोन पाव ठेवतात ते त्याच्या आठवणीनं. तालमूदात शिमोन बार योखाईंना शिष्य विचारतात, वर्षाचं एकदमच का नाही दिलं? ते राजाची गोष्ट सांगतात. राजपुत्राला वर्षाच्या खर्चाची नेमणूक एकदम मिळे, तर तो बापाला वर्षातून एकदाच भेटायला येई. राजानं रोजची केली, पोरगा रोज दारात.

विमावाला (शुक्रवार, सकाळी ९.२०)

राजा हुशार. आम्हीही वार्षिकपेक्षा मासिक हप्ताच गळ्यात मारतो.

कट्ट्यावरचा_नाना (शनिवार, सकाळी १०.३०)

धागाकर्ती गायब? असो. मी आता जरा कडू विचारतो, कुणाला दुखवायचा हेतू नाही. युरोपात साठ लाख मारले गेले. त्यातले लाखो तुमची ही ओळ रोज म्हणत होते. अधिपतींवर भिस्त ठेवली नाही, देवावर ठेवली. पुढे? या प्रश्नाला ‘हिश्तादलुत’ वगैरे शब्दांनी उत्तर देता येत नाही.

जुनापुराणा (शनिवार, दुपारी १२.१०)

नाही देता येत. मी प्रयत्नही करणार नाही.

एवढंच सांगतो की ‘भरवसा ठेवा, सगळं चांगलं होईल’ हा बिताखोनचा अर्थ पुष्कळ धर्मनिष्ठांनाही मान्य नाही. खझोन ईश या नावानं ओळखले जाणारे रब्बी अव्राहाम कारेलित्झ विल्नाहून (आजचं विल्नियस) १९३३ मध्ये पॅलेस्टाइनला गेले, ब्ने ब्राकला राहिले, १९५३ मध्ये वारले. त्यांनी लिहून ठेवलंय की ही लोकांच्या मनातली जुनी चूक आहे. पुढे काय होणार हे देवानं कुणाला सांगितलेलं नाही, तेव्हा चांगलंच होईल अशी खात्री धरणं म्हणजे बिताखोन नव्हे. जे होतं ते आंधळ्या योगायोगानं होत नाही, एवढंच मानणं म्हणजे बिताखोन.

यानं सांत्वन होतं असं मी म्हणत नाही.

अश्दोदची_मावशी (शनिवार, रात्री ११.३०)

शब्बाथ संपला, आता वाचलं. नाना, राग नाही आला.

आमच्या जिन्यात समोर एक रुमानियाची बाई राहायची. ती छावणीतून वाचलेली. देवाचं नाव काढायची नाही, योम किप्पूरला, कडक उपासाच्या दिवशी, खिडकी उघडी टाकून स्वयंपाक करायची. तिच्या घरी सगळीकडे पाव. टेबलाच्या खणात, कपाटात चादरींच्या मधे, फडक्यात बांधलेला. वाळून दगड झालेला. मी साफसफाईला मदत करायचे, तर म्हणायची त्याला हात लावू नको.

आमच्या गुरुजींनी शाळेत शिकवलं होतं, टोपलीत भाकरी असून जो ‘उद्या काय खाऊ’ म्हणतो त्याचा विश्वास तोकडा. हे वाक्य मला तिच्या स्वयंपाकघरात आठवलं आणि लाज वाटली. माझी आई शुक्रवारी तिच्याकडे ताटली पाठवायची. कधी मलिदा असला तर तोही. तो ती खायची, पोहे आणि गूळ तिला आवडायचे.

तेलघाणी (रविवार, सकाळी ७.४५)

मी गायब नव्हते हो नाना, शब्बाथला मोबाईल बंद असतो. शनवार तेली म्हटल्यावर एवढं तरी पाळायला हवं.

मावशी, तुमचं वाचून बाबांचं एक वागणं आठवलं, जे मी या ओळीशी कधी जोडलंच नव्हतं. आमच्याकडे जेवणानंतरच्या प्रार्थनेत एक मागणं आहे: आम्हाला रक्तामांसाच्या माणसांच्या दानाची आणि त्यांच्या उसनवारीची गरज पडू देऊ नकोस, तुझ्याच भरल्या, उघड्या हाताची पडू दे. बाबा हे मोठ्यानं म्हणायचे. पण त्याच ताटावरून उठून दारात कुणी मागायला आलं तर “देव देईल” असं त्यांनी कधी म्हटलेलं मला आठवत नाही. आईनं एकदा एका बाईला म्हटलं, “देवावर भरवसा ठेव, होईल सगळं.” बाबा तिच्यावर चिडले. आईवर ते चिडलेले मी तेवढ्या एकदाच पाहिले. म्हणाले, “तो भरवसा आपल्या पोटासाठी ठेवायचा असतो. दुसऱ्याच्या पोटाला लावायचा नसतो.”

बिल्डरचं मला तेच खुपलंय बहुतेक. भरवसा ठेवा हे त्यानं मला सांगायचं नव्हतं.

जुनापुराणा (रविवार, सकाळी ९.३०)

ताई, हे शास्त्राला धरून आहे. जो स्वतः दान घेऊन जगतो त्यानंही दुसऱ्याला दान द्यावं असा नियम आहे. आणि मैमोनिदेस या ज्यू पंडितानं दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या, त्यातली सर्वांत वरची म्हणजे माणसाला कर्ज देणं, भागीदारीत घेणं किंवा काम मिळवून देणं, जेणेकरून त्याला पुन्हा हात पसरावा लागू नये. ‘माणसांची गरज पडू देऊ नकोस’ हे मागणं माणसांनीच पुरं करायचं आहे.

बायबलमधल्या योसेफाची गोष्ट सांगायची राहिलीच. मिसरच्या (इजिप्तच्या) तुरुंगात त्यानं राजाच्या प्याले-वाहकाला स्वप्नाचा अर्थ सांगितला, तीन दिवसांत सुटशील, आणि विनवलं: माझी आठवण ठेव, फारोजवळ (राजाजवळ) माझं नाव काढ. तो सुटला आणि विसरला. योसेफ आणखी दोन वर्षं आत. प्राचीन भाष्य म्हणतं, आठवण ठेव आणि नाव काढ असे दोन शब्द बोलला म्हणून दोन वर्षं. मला ही गोष्ट कायम जाचक वाटत आली. तुरुंगातल्या माणसानं एवढंही म्हणू नये? नंतरच्या भाष्यकारांनाही टोचलं असावं. ते म्हणतात, योसेफ फार वरच्या पायरीचा, म्हणून त्याचा हिशेब कडक. सामान्य माणसानं ओळखीच्याला शब्द टाकावा, त्यात दोष नाही.

पण ताईंच्या वडिलांच्या वाक्यावरून आज वेगळं दिसलं. आपण सगळे योसेफाचा दोष काढत बसलो, प्याले-वाहकाला कुणी काहीच विचारलं नाही.

काळा_कोट (रविवार, सकाळी ९.४१)

मी विचारते की. नोटीस कुठल्या पत्त्यावर पाठवू?

ताई, व्यक्तिगत निरोप केलाय. कागद घेऊन या.

तेलघाणी (सोमवार, रात्री ९.१५)

काळा_कोट, भेटीबद्दल आभार. करारात भाड्याचं कलम आहे, बँक गॅरंटीही आहे, आमच्या सेक्रेटरीला ठाऊकच नव्हतं! बुधवारी आठ वाजता सोसायटीची सभा.

एक दाखवायचं राहिलं. बाबांचं प्रार्थनेचं पुस्तक परत ठेवताना शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेली यादी सापडली. बाबांचंच अक्षर. नावं नाहीत, नुसतं ‘पोस्टातले, १५’, ‘खालचा शिंपी, ४०’, ‘दूधवाला, मुलीचं लग्न, १००’, ‘साहेब, २५’ असं. एकोणीस ओळी आहेत. ‘आले’ असं फक्त दोघांपुढे लिहिलंय. साहेबांपुढे नाही.

विमावाला (सोमवार, रात्री ९.२०)

साहेब??

काळा_कोट (सोमवार, रात्री ९.२२)

साक्षीदार?

तेलघाणी (सोमवार, रात्री ९.३०)

एकाचीही सही नाही. जुनापुराणांच्या हिशेबानं बाबांनी एकोणीस वेळा आज्ञा मोडलीय.